सावरखोलची पांढरी

सावरखोल धरणात बुडून अठरा वर्षं झाली होती, तरी दर उन्हाळ्यात ते गाव पुन्हा वर यायचं. घोटीच्या पलीकडच्या डोंगरात बांधलेल्या त्या धरणाचं पाणी कालव्यांना सोडत सोडत वैशाखापर्यंत इतकं खाली जाई, की आधी मारुतीचा पार दिसे, मग घरांची दगडी जोती, मग त्यांच्यामधल्या वाटा. मातीच्या भिंती कधीच विरघळल्या होत्या. वासे-तुळया लोकांनी गाव सोडतानाच काढून नेल्या होत्या. उरली होती ती जोती आणि त्यांच्यावर गाळाची भेगाळलेली साय.

१९३६ च्या मे महिन्यात इब्राहिम मणियार बैलगाडीतून तंबू घेऊन तिथं पोचला, तो हे गाव बघायला नव्हे. त्याला या गावाखालचं गाव बघायचं होतं.

इब्राहिम नाशिकचा. घराण्याचा धंदा बांगड्यांचा. वडील बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून खेडोपाडी फिरायचे आणि लहानपणी तोही त्यांच्या मागून जायचा. पण तो शिकला, पुण्याला जाऊन भूगर्भशास्त्राची पदवी घेतली, आणि सिंधमध्ये जुन्या शहरांचं खोदकाम चाललं होतं तिथं मदतनीस म्हणून लागला. तिथल्या साहेबांना मूर्ती, मोहरा, दागिने सापडले की आनंद व्हायचा. इब्राहिमचा जीव मातीत. कुठल्या थरात राख आहे, कुठल्या थरात नदीचा गाळ, कुठल्या थरात रानगोगलगायींचे शंख, हे नीट पाहिलं तर त्या वेळी रान किती दाट होतं, माणसं काय पेरत होती, काय खात होती, सगळं सांगता येतं असं तो म्हणायचा. ऐकणारे मान हलवायचे आणि दुसरं काही बोलू लागायचे.

पुढं मंदीचे दिवस आले. तात्पुरती माणसं कमी झाली, त्यात तोही. नाशिकला परतून तो शाळेत भूगोल शिकवू लागला. आईवडील तोवर गेले होते. बहीण ताहेरा लग्न होऊन मालेगावला. जुन्या नाशकातल्या त्या घरात तो एकटाच राही, स्वतःच चहा करी, स्वतःच दिवा लावी. सुट्टी लागली की शेजारी विचारत, "मास्तर, यंदा कुठं?" तो म्हणे, "माती बघायला." पुढं कुणी विचारत नसे.

सावरखोलची माती त्यानं आदल्या उन्हाळ्यात खालून जाताजाता पहिल्यांदा पाहिली होती. शेताची माती काळी, पण जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, भिंती पडतात, राख सांडते, सारवण चढत जातं, तिथली माती पांढुरकी होते. तिला गावकरी पांढरीच म्हणतात. धरणाच्या लाटांनी सावरखोलच्या पांढरीची एक कड उभी कापून काढली होती आणि त्या कापात एकावर एक थर दिसत होते. राख, भाजलेली माती, खापरं, पुन्हा राख. गाव आपल्याला वाटतं त्याहून फार जुनं आहे, एवढं त्याला एका नजरेत कळलं होतं.

पहिल्या सकाळी तो मोजमापाची फीत घेऊन वर चढला, तर सगळ्यांत उंचावरच्या जोत्यावर एक बाई दिसली. पन्नाशीकडे झुकलेली, अंगानं काटक. गुडघ्यांवर बसून ती जोतं शेणानं सारवत होती. बाजूला पळसाच्या फांद्यांची झोपडी होती आणि तिच्या सावलीत एक शेळी बांधलेली होती.

"बाई, इथं कुणी राहतं का?" त्यानं खालूनच विचारलं.

"मी ऱ्हाते."

"पण हे गाव तर..."

"बुडीत हाय. ठावं हाय मला. पानी आलं का वर जाते, पानी गेलं का खाली येते." तिनं हात पुसले. "तुमी कोन? कालव्याचे सायेब?"

"नाही. मी मास्तर. नाशिकच्या शाळेत."

"मंग हितं कुनाला शिकवायला आला?"

ती हे चेष्टेनं म्हणाली नव्हती. खरंच विचारत होती.  इब्राहिमनं तिला सांगितलं, की या गावाखाली आणखी जुनं गाव आहे, त्याखाली आणखी जुनं, आणि तिथली माणसं कशी जगली ते त्याला मातीवरून काढायचं आहे. तिनं सारवण तसंच सोडून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. इतकं नीट त्याचं कुणी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तिचं नाव साळूबाई. गाव उठलं तेव्हा सगळे वरच्या उतारावर सरकारनं आखून दिलेल्या जागेत राहायला गेले. तिला नवी वाडी म्हणत. साळूबाईचा पुतण्या खंडेराव तिथंच राहायचा आणि ती त्याच्याच घरात असायची. पण पाणी उतरलं की ती खाली यायची. वाडीतले लोक म्हणत, बाईचं डोकं फिरलंय. इब्राहिमला तसं वाटलं नाही. ती वेळच्या वेळी शेळीची धार काढायची, भाकरी करायची, जोतं झाडायची. घर असतं तर जे केलं असतं तेच करायची. फक्त घर नव्हतं.

त्यानं तिची मदत मागितली. "मावशी, तुमचं गाव पाण्यात अठरा वर्षं आहे. घरातलं काय टिकलं, काय गेलं, ते मला बघायचं आहे. म्हणजे खालचं जुनं घर सापडलं, की त्यातलं काय गेलं असेल त्याचा अंदाज येईल."

"म्हंजी कुटं काय व्हतं त्ये सांगायचं?"

"हो."

"चला की."

मग रोज सकाळी ऊन चढायच्या आत दोघं गावात फिरू लागली. ती पुढं, तो मागून खुरपं घेऊन. "ह्ये सावळीरामाचं. हितं त्याची बैलं बांधायचा." इब्राहिम गाळ खरवडून बघे, तर खाली काळसर, मऊ माती लागे. शेणाची. "ही तानुबाईची चूल." तिथं माती विटेसारखी लाल झालेली असे. उखळाचा खड्डा सापडे, जात्याखालची घासलेली फरशी सापडे. "हितं कोंडाजी म्हातारा बसायचा. दमा व्हता. येनाऱ्या-जानाऱ्याला हाका मारायचा." इब्राहिमनं तिथंही खरवडलं. कोंडाजी जन्मभर जिथं बसला तिथं मातीत काहीच नव्हतं.

"नाय ना काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"लय बोलायचा वो," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

दुपारी ती त्याला नागलीची भाकरी द्यायची. आधी पळसाच्या पानावर, जोत्याच्या कडेला ठेवायची आणि पाणी वरून ओतायची. त्याला त्यात नवल नव्हतं, लहानपणी वडिलांबरोबर असंच पाणी प्यायची सवय होती. काही दिवसांनी तिनं तांब्याच त्याच्या हातात दिला, आणि दोघांपैकी कुणीच त्याबद्दल बोललं नाही.

अशाच एका दुपारी त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या, जुन्या, घासून मंद झालेल्या. मणियाराच्या मुलाला बांगडी बघितल्याशिवाय राहवत नाही. "ही काच आता मिळत नाही," तो म्हणाला. "फिरोजाबादची आहे. माझे वडील आणायचे."

"तुमी मन्याराचे?" ती एकदम वळली. "धनी गेले त्या साली भरल्या व्हत्या. दोन फुटल्या. बाकी जपल्यात."

त्या दिवशी तिनं सांगितलं. तिचा नवरा भिमाजी मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला गेला होता. गोरा साहेब घोटीच्या बाजारात भरती करायला आला, तेव्हा हा आणि आणखी चौघं गेले. तिघं परत आले. एकाच्या मरणाचा कागद आला. भिमाजी आलाही नाही आणि कागदही आला नाही. तो गेला तेव्हा धरणाचं नुसतं बोलणं चाललं होतं. दोन वर्षांनी धरणाला दारं बसली आणि गाव बुडालं.

"त्यास्नी ठावं नाय ना," ती म्हणाली. "गाव हाय आसंच त्यास्नी वाटत आसंल. आले तर हितंच येतील. वाडी त्यांनी बघितलीच नाय. पावसाळ्यात आले तर कुनीबी सांगंल, पानीच दिसंल समोर. पन उन्हाळ्यात आले आन् जोत्यावर कुनीच नसलं, तर मानूस काय समजंल?"

 ती बोलत होती ते सगळं एकमेकांना धरून होतं. त्यात वेडेपणा कुठं शोधायचा ते इब्राहिमला कळेना.

"लोकांनी माझा दुसऱ्याशी पाट लावायचं काढलं व्हतं," ती म्हणाली. "मी म्हनलं, कागद दाखवा."

आठवड्याच्या बाजाराला जाताना खंडेराव खाली उतरला. तिशीचा, रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. साळूबाई शेळी चारायला पलीकडं गेली होती. तो तंबूसमोर उकिडवा बसला.

"मास्तर, काकी तुमचं ऐकते म्हनं."

"माझं कशाला ऐकतील? मीच त्यांचं ऐकतो."

"येक काम करा. तिला सांगा, सरकारच्या कागदावर काका मेलेला हाय. तुमी शिकलेले. तुमी सांगितलं तर पटंल."

"मला माहीत नाही, ते कसं सांगू?"

खंडेरावानं जमिनीवरची काडी उचलली आणि मोडली. "ती मला जड नाय झाली, मास्तर. आईमागं तिनं वाढवलंय मला. पन गेल्या साली वळवाचं पानी आलं, ही हलंना. मी गळ्याइतक्या पान्यातून खांद्यावर घेऊन आलो तिला. दर साली जेठ जवळ आला का मी पान्यावर डोळा ठेवून बसतो. किती वर्सं बसू? काकाचं क्रियाकर्मबी नाय झालं. त्योबी तसाच लटकतोय कुटंतरी."

"खोटं नाही सांगता येणार मला," इब्राहिम म्हणाला. त्याच्या आवाजात जरा ओशाळेपणा होता, तो खंडेरावालाही जाणवला असावा. खंडेराव उठला, धोतर झटकलं, "बरं," म्हणाला आणि बाजाराच्या वाटेला लागला.

इब्राहिमचं स्वतःचं काम लाटांनी कापलेल्या त्या कडेपाशी चालू होतं. पण तिथली माती पाण्यानं ढवळली होती. खरे थर पाहायचे तर पांढरीच्या माथ्यावर, जिथं पाणी शेवटी चढतं आणि आधी उतरतं, तिथं खणायला हवं होतं. आणि माथ्यावर साळूबाईचं जोतं होतं. त्यानं तिला हे सांगितलं नव्हतं, सांगायचा विचारही नव्हता.

तिनंच विचारलं. "समद्यांच्या घराखाली घर हाय म्हनता. माझ्या घराखाली?"

"असेल. बहुतेक तिथंच सगळ्यांत जास्त असेल."

"मंग खना की."

"मावशी, तुम्ही रोज सारवता ते..."

"येका कोपऱ्यात खना. परत भरून द्या. मी सारवीन." तिनं जोत्यावर हात फिरवला. "मला बघायचंय, आमच्या आधी कोन व्हतं."

त्यानं जोत्याच्या मागच्या कोपऱ्यातली फरशी काढून माणूसभर लांबीचा खड्डा आखला आणि हळूहळू खाली जाऊ लागला. एकेक थर सुरीनं सोलायचा, माती चाळायची, सापडेल ते वेगळ्या पिशवीत ठेवायचं. साळूबाई काठावर बसून बघायची. आधी तिच्या सासऱ्याच्या काळची जमीन लागली, मग त्याच्या आधीची. सारवणाचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटत होते. मग खापरं बदलली. मग एक चूल लागली, तीन दगडांची, दगड काळे पडलेले, मधे राख. राखेत भाताचे जळके दाणे होते. साळूबाईनं एक दाणा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघितला.

"भातच हाय."

"हो. पण त्याच्याखाली बघा." तो आणखी खाली, छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. "इथं गोगलगायीचे हे बारीक शंख. ही गोगलगाय दाट सावलीत राहते. म्हणजे ही चूल मांडणारी माणसं आली तेव्हा इथं घनदाट रान होतं. भेकराचं शिंगही मिळालं. वरच्या थरात हे शंख संपतात. रान तोडून भात लावला त्यांनी."

"आमीबी तेच केलं," ती म्हणाली.

त्याहून खाली, सगळ्यांत तळच्या जमिनीवर खांबांचे गोल खड्डे दिसले, एक फुटलेलं मडकं, शंखाच्या कांकणाचा एक तुकडा. आणि त्या जमिनीवर हातभर जाडीचा पिवळा गाळ, एकसारखा, आत काहीही नसलेला.

"ह्यो काय?"

"पूर. नदीचं पाणी गावात शिरलं. मोठं आलं असणार. घर सोडून गेले ते. मडकं फुटलेलं तसंच राहिलं बघा."

साळूबाई काठावर पुढं सरकली. "आन् परत आले?"

इब्राहिमनं त्या गाळाच्या वरच्या रेघेकडं पाहिलं. ते त्याला आधीच दिसलं होतं. गाळाच्या माथ्यावर काळपट, भुसभुशीत थर होता. त्यात मुळांच्या वाटा होत्या, मनगटाएवढ्या जाड, वाळवीनं पोखरलेल्या. सावलीतले ते शंख याच थरातले होते. या जागी झाडं उगवली होती, मोठी झाली होती, म्हातारी होऊन पडली होती. त्यानंतर केव्हातरी कुणीतरी जमीन सारखी करून चूल मांडली होती.

खोटं सांगणं अगदी सोपं होतं. एकदोन पावसाळे गेले आणि आले परत, एवढंच म्हणायचं. तिला थर वाचता येत नव्हते. पण ती त्याच्याकडं बघत होती, आणि त्याला हेही कळत होतं, की ती त्या जुन्या लोकांबद्दल विचारत नाहीये.

"इथं माणसं परत आली, मावशी," तो म्हणाला. "पण मधे रान वाढलं होतं. ही बघा मुळं. शंभर वर्षं असतील, दोनशे असतील. आली ती दुसरी माणसं. त्यांची मडकी वेगळी, चूल वेगळी. इथं कुणी राहिलं होतं हे त्यांना माहीतही नसेल."

तिनं वाकून त्या मुळांच्या वाटा पाहिल्या. मग म्हणाली, "ह्ये गेले, तवा मागं कुनीतरी ऱ्हायलं आसंल. वाट बघत."

"असेल."

"त्याचं काय दिसतंय का मातीत?"

"नाही दिसत."

शेळी ओरडू लागली तशी ती उठून गेली. इब्राहिम खड्ड्यातच उभा राहिला. तीन-चार वेळा त्यानं सुरी उचलली आणि खाली ठेवली. त्या दिवशी त्याच्या हातून आणखी काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गावात फिरायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही झोपडीतच होती. भाकरी मात्र जोत्याच्या कडेला ठेवलेली असायची. शाळा उघडायचे दिवस जवळ आले होते. त्यानं खड्ड्याच्या भिंतींचं चित्र काढलं, पिशव्या शिवल्या आणि माती परत लोटायच्या आधी एकदा तळाशी उतरला. तेव्हा ती येऊन काठावर बसली.

"तळाला काय ठेवता त्ये?"

त्याच्या हातात या सालचा एक आणा होता. "आमच्यात असं करतात. पुढं कधी कुणी इथं खणलं, तर त्याला कळावं की ही माती आपल्या काळात हलवलेली आहे."

"कुनी खनंल?"

"काय सांगावं. खणेल कुणीतरी."

तिनं दोन्ही हात पुढं केले. "ह्या काढून द्या. त्या ठेवा."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, घाई कशाला करता? मी सांगितलं ते फार जुन्या लोकांचं. त्यावरून तुमच्या..."

"मला समजतंय त्ये," ती म्हणाली. "तुमी धन्याचं कायबी बोलला नाय. माझं मीच बोलतेय. दगडावर हात आपटून फोडायच्या न्हाईत मला. लोक जमतील, रडतील. फोडायच्या म्हनून नाय जपल्या येवढ्या. तुमी मन्याराचे. तुमाला अख्ख्या काढता येत्यात."

त्यानं बांगडी काढायचं काम लहानपणानंतर केलं नव्हतं. तो खड्ड्यातून वर आला, हात धुतले, तिच्या शेळीच्या दुधावरची साय बोटाला घेतली. वडिलांनी शिकवलं होतं तसं अंगठ्याच्या मुळाशी दाबून, बोटं एकत्र करून हात निमुळता केला. तिचा हात सुक्या लाकडासारखा टणक होता आणि ऊन. कुणाचा हात हातात धरून किती वर्षं झाली, हे त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं मान खाली घातली. बांगड्या एकेक करून निघाल्या. एकही तडकली नाही. मनगटावर, जिथं त्या असायच्या तिथं, कातडी फिकट होती. ती त्या पट्ट्याकडं बघत राहिली. रडली नाही.

त्यानं खाली उतरून त्या बांगड्या आण्याशेजारी त्या जुन्या जमिनीवर ठेवल्या आणि वर माती लोटली. खोदकामाच्या शिस्तीत हे बसत होतं की नव्हतं, याचा विचार त्यानं केला नाही. संध्याकाळी साळूबाईनं तो कोपरा सारवून घेतला, झोपडीच्या फांद्या ओढून टाकल्या आणि शेळीला घेऊन वाडीची वाट धरली. पाणी यायला अजून अवकाश होता. अठरा वर्षांत ती पहिल्यांदाच आधी निघाली होती.

भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, खंडेराव नाशिकला आला. गल्लीत विचारत विचारत त्यानं इब्राहिमचं घर शोधलं. "काकाचं करायचंय रामकुंडावर," तो दारातच म्हणाला. "काकी म्हनली, मास्तरास्नी कळवून ये."

इब्राहिम गेला. कुंडापासून जरा लांब, वरच्या पायऱ्यांवर उभा राहिला. खाली गुरुजींनी दर्भ आणि पळसाची पानं घेऊन माणसाचा आकार मांडला होता, कारण ज्याचं करायचं त्याचं शरीर नव्हतं. डोकं, छाती, हात, पाय, सगळं पानांचं. गुरुजी सांगतील ते खंडेराव करत होता. साळूबाई मागं बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या कपाळानं. मग त्या पानांना अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला.

सगळं आटोपल्यावर ती पायऱ्या चढून त्याच्यापाशी आली.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मास्तर, ती खालची मानसं. मडकं टाकून गेली ती. त्यांचं कुनी केलं आसंल का?"

"माहीत नाही, मावशी."

"मी खंडूला त्यांच्या नावानं पानी सोडायला लावलं. गुरुजी म्हनले, नाव सांगा. मी म्हनलं, नाव कुटं ठावं? घरातली हायेत म्हना." तिनं पदर सावरला. "सोडलं मंग त्यांनी."

खंडेराव टांगा आणायला निघाला होता आणि ती त्याच्या मागं गेली. गर्दीत तिचं पांढरं लुगडं लगेच दिसेनासं झालं. तिथं बहुतेक बायका पांढऱ्याच लुगड्यात होत्या.

त्या थंडीत इब्राहिमनं सावरखोलच्या थरांवर एक निबंध लिहिला आणि पुण्याच्या एका मंडळाकडं पाठवला. पोच आली, पुढं काही आलं नाही. घरात दोन गोणी खापरं आणि शंखांच्या डब्या आल्या होत्या. कधी संध्याकाळी तो त्या उघडून बसे. शेजारच्या गच्चीवरून बायकांचं बोलणं ऐकू यायचं.

पुढच्या वैशाखात तो पुन्हा गेला. साळूबाईच्या जोत्यावर गाळ बसला होता. हे जोतं शेवटचं केव्हा सारवलं होतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणजे एका वर्षाचा गाळ किती, ते इथं नेमकं मोजता येणार होतं. असा योग पुन्हा यायचा नव्हता. त्यानं सुरीनं गाळ कापला आणि मोजला. नखाच्या जाडीएवढा भरला. मोजून झाल्यावर तो तिथंच बसून राहिला. मग उठून नव्या वाडीला गेला.

खंडेरावाच्या ओसरीवर साळूबाई चिंचा फोडत होती. घरात पुतणसून होती, पोरं होती, आत कुणीतरी दळत होतं. तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला.

"बरं हाय ना, मास्तर?"

"बरं आहे. तुम्ही?"

"चाललंय. झोप लागते आता." तिनं चिंचोके एका बाजूला सारले. "आता जेठ आला तरी खंडूला घोर नाय."

तो वाट बघत होता, की ती गावाबद्दल विचारेल. पाणी किती उतरलं, जोतं दिसतंय का, यंदा कुठं खणणार. तिनं विचारलं नाही. पुतणसून बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली आणि दोघी बाजाराचं बोलू लागल्या. मास्तर बसलाय म्हणून साळूबाईनं एकदोनदा त्याच्याकडं बघून मान हलवली. ती आपणहून त्या गावाचं नाव काढणार नाही, हे त्याला उमगलं, आणि आपणही काढू नये, हेही. पाण्याचा तांब्या त्यानं ओसरीच्या कडेला ठेवला आणि निघाला. खंडेराव त्याला बांधापर्यंत सोडायला आला.

सुट्टी संपेपर्यंत तो खालीच राहिला. सावळीरामाचा गोठा, तानुबाईची चूल, कोंडाजीची जागा, कुठं काय होतं ते आता त्या ओसाड गावात त्या एकट्यालाच माहीत होतं. सकाळी तो जोत्यांमधून जाताना सवयीनं थोडा मागं राहून चालायचा.

संध्याकाळी चुलीवर भात टाकून तो तंबूबाहेर बसे. वरच्या उतारावर वाडीचे दिवे एकेक करून लागत. खालच्या गावातलं प्रत्येक घर कुणाचं ते त्याला सांगता आलं असतं, पण त्या दिव्यांमधला तिचा कोणता, ते काही ओळखता यायचं नाही. भात उतू जायला लागला की तो उठे, झाकण काढे, आणि एकट्यापुरतं वाढून घेई.